दियाबची तेलातली नाणी

माझा धाकटा भाऊ दियाब खोटं बोलत नाही, ही गोष्ट आमच्या गावात आजवर कुणाला पटलेली नाही. मी त्याला कडेवर घेऊन वाढवला, तरी मलासुद्धा ती पटायला निम्मं आयुष्य गेलं. मी मुळातच संशयी बाई आहे. दूधवाला हसून बोलला की मी दूध दोनदा गाळते. पण दियाबच्या बाबतीत मी एकटी नव्हते, अख्खं गाव माझ्यासारखं झालं होतं. माणसाचं खरं थोडं तरी वजनदार असावं. दियाबचं खरं इतकं किरकोळ होतं की ते कुणाच्या गळी उतरेना.

ते असं, की त्याला काशाची छोटी नाणी वेचायला आवडायची. झालं, एवढंच.

नाणी म्हणजे तरी काय, करंगळीच्या नखाएवढ्या हिरव्या टिकल्या. रोमी राजांचं राज्य उतरणीला लागलं तेव्हाच्या, असं म्हणतात. त्या काळी लोक त्यावर कांदे-मुळे घेत असतील आणि हातातून पडली तर वाकायचा कंटाळा करत असतील, म्हणून तर आमच्या डोंगरात ती इतकी सांडून ठेवलीत. इर्बिद शहराच्या उत्तरेला, यर्मूक नदीच्या दरीकडे उतरणाऱ्या आमच्या शेतांत नांगर फिरला की दगडांबरोबर तीही वर येतात. लहानपणी आम्ही सगळीच भावंडं त्यांच्याशी खेळलो आणि मोठी झाल्यावर विसरलो. दियाब तेवढा विसरला नाही.

त्याचं कामच तसं होतं. जैतुनाच्या बागा डोंगराच्या पायऱ्यांवर, तिथं ट्रॅक्टर जात नाही, खेचर जातं. दियाब लोकांच्या बागा खेचरानं नांगरून द्यायचा. दिवसभर मान खाली, नजर तासात. काही हिरवं दिसलं की तो थांबायचा, वाकायचा, बोटानं माती पुसायचा. पुढं पुढं तर तो वाकायच्या आधी खेचरच थांबायला लागलं. लोक म्हणायचे, खेचराला वास येतो. कशाचा वास, ते कुणी बोलून दाखवायचं नाही, नुसत्या भुवया वर करायचे.

घरी आणून तो ती नाणी तेलात बुडवायचा. घाण्याच्या तळाशी राहिलेलं खवट तेल, हलव्याच्या रिकाम्या बरण्या. महिनोन्‌महिने नाणी त्या तेलात पडून असायची, तेव्हा कुठं वरची माती सुटायची. मग दारात बसून बोरीच्या काट्यानं तो एकेक नाणं कोरत बसायचा. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, कुठला राजा कधीचा ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. त्यानं आपली नावं ठेवली होती. दोन शिपाई आणि मधे झेंड्याची काठी असेल तर तो ‘पहारा’. घोड्यावरून कोसळणाऱ्याला भाल्यानं भोसकणारा असेल तर तो ‘पडला बिचारा’. किल्ल्याचा दरवाजा आणि वर चांदणी असेल तर ते ‘घर’. तोंडांना तो गावातल्या माणसांची नावं द्यायचा. एकदा त्यानं माझ्या तळहातावर एक टिकली ठेवली. अंबाडा घातलेली एक बाई होती.

“ही तू,” म्हणाला.

“मी? हिचं नाक बघ केवढं!”

“नाकाचं नाही म्हणत मी. नाकावरचा राग बघ.”

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण ते नाणं मी परत दिलं नाही, आणि ते प्रेमापोटी ठेवून घेतलं असंही नाही. मला तपासायचं होतं.

कारण गावात काय बोललं जात होतं ते माझ्या कानांवर येत होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की तुर्क जाताना सोनं पुरून गेले, त्याआधी रोमी पुरून गेले, आणि प्रत्येक पुरलेल्या सोन्यावर राखणदार बसवलेला असतो. ज्याचं नशीब नाही त्याचा हात लागला की राखणदार सोन्याचं रूप पालटतो. कुणाला कोळसा मिळतो, कुणाला बकरीच्या लेंड्या, कुणाला तांबं. आता सांगा, दियाबकडे बरण्याच्या बरण्या तांबं, तेही तेलात बुडवलेलं, वर तो एकटा बसून काट्यानं टोकरतोय. गावानं काय समजायचं? तो राखणदाराला तेल पाजून वश करतोय, एक दिवस बरणी उघडेल आणि आत पिवळं धमक निघेल. शेजारणी त्याच्या दारावरून जाताना चाल मंद करायच्या आणि बरणीचा रंग बघायच्या. कुणी तेल मागायच्या निमित्तानं आत डोकावायची. दियाब साळसूदपणे सगळ्यांना सगळं दाखवायचा, त्यामुळे संशय आणखी वाढायचा. जो इतकं उघड दाखवतो तो मोठं काहीतरी झाकत असणार.

मी ते नाकवाल्या बाईचं नाणं घेऊन बसनं इर्बिदला गेले. बाजारात एक घड्याळजी बसतो, तो असल्या वस्तू घेतो म्हणतात.

“कुठून आणलंत, हाज्जे?” त्यानं भिंग डोळ्याला लावून विचारलं.

“तुला काय करायचंय? खरं आहे का सांग.”

“खरंच आहे. पण खरं असून उपयोग काय? लोक मसुरीसारखी पिशवी भरून आणतात. तुमचं बसभाडंसुद्धा निघायचं नाही यातून.”

घेणारा माणूस वस्तूला चांगलं कशाला म्हणेल? मी तिथून उठले आणि सोनाराकडे गेले. त्यानं नाणं दगडावर घासलं, तांबं म्हणाला, आणि वर मरमियाच्या पाल्याचा चहा पाजला. फुकट चहा पाजणाऱ्या सोनारावर कोण विश्वास ठेवतो? दोघं एकाच गल्लीतले, आतून मिळालेले असणार. मी घरी येऊन ते नाणं वाटीभर ताज्या तेलात ठेवलं. सहजच. अख्खा हिवाळा रोज सकाळी बघत होते. वसंतात त्या बाईचं नाक जरा स्वच्छ झालं, बाकी ती होती तशीच तांब्याची राहिली. तेव्हा मात्र मी मनाशी म्हटलं, वदहा, तुझा भाऊ वेडा असेल, लबाड नाही.

हे गावाला कोण सांगणार? दियाबचं एक लग्न याच पायी मोडलं. शेजारच्या गावची मुलगी, चांगली गव्हाळ, हसरी, दोघांचं एकमेकांकडे बघणंही झालेलं. बोलणी अगदी कॉफीपर्यंत आली, आमच्याकडे सोयरीक ठरली की मुलीचा बाप कॉफी पितो. मुलीचा बाप म्हणाला, “मेहेरात इतरांकडून मी सोन्याच्या नव्या लिरा घेतो. तुझ्याकडून जुन्या तुर्की घेईन.”

दियाबला वाटलं मस्करी करतात. तो मोठ्यानं हसला.

“हसतोस काय? तुला काय कमी आहे?”

“काका, माझ्याकडे खेचर आहे आणि दोन हात आहेत.”

“आणि बरण्या?”

“बरण्या हव्या तर सगळ्या घेऊन जा,” दियाब म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता, पण त्या बापाला वाटलं, आपल्या पोरीची किंमत तांब्यात करतोय. त्यानं कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला. ती मुलगी पुढं मफ्रकला दिली, तिला चार मुलं झाली. दियाबनं पुन्हा कुणाकडे बघितलं नाही. मग गाव म्हणायला लागलं, बघा, बायकोसुद्धा करत नाही, वाटेकरी नको म्हणून.

वडील गेले तोवर ही अशी बरीच वर्षं लोटली होती. मागं आम्ही तिघं. थोरला नायल, सैन्यातून निवृत्त झालेला, पण घरात अजून कवायत घेणारा. मधली मी, विधवा, मुलं अम्मानला नोकरीला. धाकटा दियाब. जमीन म्हणाल तर घरालगतची जैतुनाची मोठी बाग, विहिरीकडचा गव्हाचा तुकडा, आणि वर टेकाडावर खिर्बे. खिर्बे म्हणजे जुन्या वस्तीचं पडकं रान. नुसते दगड, काटे आणि सरडे. वडिलांनी तिथं एकदा बदाम लावून पाहिले, तेही रुसून वाळले. बकऱ्यासुद्धा तिथून घाईघाईनं जातात.

सुतकातले दिवस संपल्यावर नायलनं आम्हांला बैठकीत बोलावलं. माझ्यापुढं त्यानं आधीच तुपाचा डबा आणि मखमलीचा झगा ठेवला होता. आमच्याकडची ही रीतच. काझीच्या कायद्यानं बहिणीला भावाच्या निम्मा वाटा आहे, पण भाऊ तिला तूप-कपडा देतो, ती खाली बघून ‘मी माझा वाटा भावांना सोडला’ म्हणते, आणि सगळे तिला गुणाची म्हणतात. मी तुपाच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

“वनस्पती तूप आहे,” मी म्हटलं.

“तुला चालत नसेल तर दुसरं आणतो,” नायल म्हणाला आणि दियाबकडे वळला. “तू बोल. तुला कुठली जमीन हवी?”

“खिर्बे.”

“आणि?”

“आणि काही नाही. बाग तू घे, गव्हाचं रान तू आणि वदहा बघून घ्या. मला खिर्बे पुरे.”

नायलची जपमाळ थांबली.

“का?”

“तिथं नाणी सगळ्यात जास्त आहेत.”

“कसली?”

“तीच रे. छोटी.”

नायल हसला, पण त्या हसण्यात दातच दिसत होते. “मी सैन्यात होतो, दियाब. माझ्यासमोर मोठमोठे चोर उभे राहून ‘साहेब, मी नुसता फिरायला आलो होतो’ म्हणायचे. बागेवर पाणी सोडून काटे मागणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.”

“मग आज बघ,” दियाब म्हणाला.

“मी तुला बाग देतो. अर्धी बाग, घराच्या बाजूची. घेतोस?”

“नको.”

इथंच सगळं फिसकटलं. दियाबनं तेव्हा नुसतं तोंडदेखलं जरी म्हटलं असतं की हो बाबा, मला बागही हवी, तर नायलनं दोन शिव्या हासडून खिर्बे त्याच्या अंगावर फेकली असती. पण त्याला खोटं जमत नाही म्हणून मी सांगतेय ना. नायल उठला, खिर्बेची वाटणी होणार नाही म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी टेकाडावर काटेरी तार ओढून त्यानं दियाबला वर जायची बंदी केली.

तो महिना मला आठवतो. दियाब नांगरायला जायचा, पण संध्याकाळी येऊन खिर्बेकडे तोंड करून दारात बसायचा. बरण्यांना हातही लावत नव्हता. ताटात वाढलेलं मुलूखियाच्या भाजीचं कालवण तसंच निवून जायचं. मी रागावले, “दगडांसाठी अन्न सोडलंस?” तर म्हणाला, “दिवसभर मी लोकांच्या जमिनीत बघतो, वदहा. तिथं उचललेलंही त्यांचंच असतं, मला विचारावं लागतं. एक जागा अशी हवी होती, जिथं वाकताना कुणाला विचारावं लागणार नाही.” आमचा दियाब कधी काही मागत नाही, आणि मागितलं ते हे.

तोवर नायलनं जर्का शहरातून पुरलेलं सोनं शोधणारा एक माणूस आणला. अबू शाहीन. लोक त्याला शेख म्हणायचे, पण त्याच्या बुटांकडे बघून मला तो शेख वाटला नाही. पिकअपच्या मागं मशीन, कानांना लावायच्या वाट्या, गळ्यात तीन ताईत. तो खिर्बेत फिरला आणि परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत चमक होती.

“अबू मिजहम,” तो नायलला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारत म्हणाला, “तुमच्या इथं निशाण्या आहेत. साध्या नाहीत, मी आजवर बघितल्या नाहीत अशा. दगडावर दगड, त्यावर लहान दगड, आणि सगळ्यांची टोकं एकाच जागेकडे.”

आम्ही सगळे वर गेलो. दियाबलाही त्या दिवशी तारेच्या आत सोडलं, कारण नायलला त्याचं तोंड बघायचं होतं. शेखनं पहिल्या निशाणीवर हात ठेवून डोळे मिटले. तीन दगडांची उतरंड होती ती, गुडघ्याएवढी.

“ही मी रचलीय,” दियाब म्हणाला.

“काय?”

“मी रचलीय. संध्याकाळी जिथवर बघून झालं तिथं खूण करतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत वाकायला नको. ही पलीकडची वडील आजारी पडले त्याच्या आदल्या दिवशीची.”

मला हसू आवरेना, मी ओढणीचं टोक तोंडाला लावलं. शेखनं डोळे उघडले, दियाबकडे बघितलं, मग नायलला बाजूला घेऊन म्हणाला, पण आम्हांला ऐकू जाईल असं, “पाहिलंत? निशाणी आपली आहे म्हणून सांगतोय. माहीत असलेला माणूस असंच करतो.”

“पण बाबा, दगडाखाली बघ की,” मी म्हटलं, “खालचं गवत नुसतं पिवळं पडलंय, अजून कुजलेलं नाही!”

“हाज्जे,” शेख म्हणाला, “राखणदाराला गवत टिकवून ठेवणं काय अवघड आहे?”

त्यांनी दियाबच्या उतरंडींच्या दिशा लावल्या, पावलं मोजली, आणि जिथं सगळ्या रेषा मिळाल्या तिथं खोदायचं यंत्र लावलं. खरं तर तिथं दियाब रोज डबा खायला बसायचा. संध्याकाळी परतताना तिथूनच टेकाड उतरायचा, म्हणून त्याच्या सगळ्या खुणा तिकडे तोंड करून होत्या. यंत्रानं टेकाडाचं पोट फाडलं. दोन भिंतींचे पाये, तुटकी खापरं, एक जातं, आणि ओंजळी-ओंजळीनं छोटी हिरवी नाणी. सोनं नाही.

शेख एका दुपारी माझ्याकडे आला, एकटाच. दार उघडंच होतं. पाय पसरून बसला आणि म्हणाला, “तुम्ही त्याच्या लाडक्या. तो तुम्हांला बोलला असेल. मला सांगा, मी तुमचा वाटा वेगळा काढतो. नायलसाहेबांना कळायची गरज नाही.”

“बोलला ना,” मी म्हटलं.

तो पुढं सरकला. “काय म्हणाला?”

“म्हणाला, तुझ्या बुटांना सोल नाही आणि तोंडाला लाज नाही.” आणि मी केरसुणी उचलली. गल्लीतल्या बायकांनी त्याला आत जाताना पाहिलं होतं, बाहेर पळतानाही पाहिलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. हे वाईट लक्षण असतं, पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

शेखनं मग शेवटचा उपाय सांगितला. राखणदार तेलात मुरलाय, त्याला आगीत बाहेर काढायचा. दियाब नांगरायला गेलेला बघून नायलनं त्याच्या घरातून सगळ्या बरण्या उचलून आणल्या. अंगणात पत्र्यावर त्या ओतल्या, ऊद लावला, धर्मग्रंथातल्या आयती म्हटल्या आणि खाली सरपण पेटवलं. तेलानं असा भडका घेतला की नायलच्या भुवया आणि निम्मी मिशी जळाली, शेखचा एक ताईत वितळला. पोरं-बाया किंचाळत पळाल्या. आग निवली तेव्हा पत्र्यावर काळी ढेकळं होती. पहारेकरी, घरं, नाकवाल्या बाया, सगळं एकमेकांना चिकटून गेलं होतं. शेख त्याच संध्याकाळी पिकअप घेऊन जो गेला तो परत आला नाही.

दियाब आला, खेचराला पाणी पाजलं आणि अंगणात उभा राहिला. मला वाटलं आता हा नायलच्या अंगावर जाणार. मी तर तयारीतच होते, दोघं मिळून गेलो असतो. पण तो खाली बसला आणि ढेकळातून एकेक नाणं सोडवायला लागला. सुटत नव्हती. नायल जळक्या मिशीनं म्हणाला, “चूक झाली असेल माझी. पण तू खरं सांगितलं असतंस तर ही वेळ आली नसती.”

“मी सांगितलं होतं,” दियाब म्हणाला. आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. पन्नाशीचा माणूस. मी नायलला त्या दिवशी जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

तेव्हाच मी ठरवलं. मी काझीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला माझा वाटा हवा. आमच्या घराण्यात आजवर एकाही बाईनं हे केलेलं नाही. गावात वीज पडावी तसं झालं. नायल माझ्या दारात येऊन ओरडला, “बहीण आहेस का वैरीण?”

“वैरीण असते तर घराशेजारची बाग मागितली असती आणि खलफांना विकली असती,” मी म्हटलं. खलफांशी आमचं तीन पिढ्यांचं वाकडं. “त्यांच्या गाई तुझ्या खिडकीखाली रवंथ करतील, चालेल?”

नायल उंबऱ्यावर बसला. “मग काय हवंय तुला?”

“खिर्बे दे, मी बाकी सगळं सोडते. बाग नको, गहू नको, तूपही नको.”

त्यानं माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला काचेतून दिसावं तसं दिसत होतं. दियाबला दिली तर तो रात्रीत काढेल आणि आपण हात चोळत बसू. वाटणी अडवली तर खलफ येतील. हिला दिली तर ही म्हातारी काय उकरणार? पडून राहील, आणि खिर्बेवर आपली नजर राहीलच. “पण नावावर तुझ्याच राहील,” तो म्हणाला, “दियाबच्या करायची नाही.”

“नाही करणार,” मी म्हटलं. नावाला काय चाटायचंय? मला हवं होतं ते वेगळंच.

सही झाली. माझ्या मुलांनी अम्मानहून फोन करून मला वेड लागलंय का विचारलं. बागेचं तेल दर वर्षी मला घरचं मिळायचं, ते गेलं. आता मी तेल विकत घेते, आणि तेलवाल्यावर माझा विश्वास नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. नायलच्या घरची ईद सुटली. चार बायका मला बघून रस्ता बदलतात. हे सगळं पुढचं. सहीच्या दिवशी मी काझीकडून थेट दियाबच्या घरी गेले. चालताना इतकी हलकी वाटत होते की वाटेत दोनदा स्वतःशीच हसले.

तो दारात बसला होता. मी त्याच्यापुढं तारेच्या फाटकाची किल्ली ठेवली.

“खिर्बे माझी झाली,” मी म्हटलं. “जा. हवं तेव्हा जा, हवं तेवढं वाक. कुणाला विचारायचं नाही, मलासुद्धा नाही.”

मला वाटलं होतं तो हसेल. लहानपणी खांद्यावर घेतल्यावर हसायचा तसा. त्यानं किल्ली उचलली नाही.

“बागेतला वाटा?” त्यानं विचारलं.

“सोडला.”

“सगळा?”

“सगळा. म्हटलं ना, खिर्बे घेतली.”

मग त्यानं गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला, कारण असं बघायची सवय त्याला कधीच नव्हती. ती आम्हां सगळ्यांना होती. तो माझ्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

“वदहा, माझ्यापासून लपवू नकोस. तो शेख त्या दिवशी तुझ्या घरी आला होता. त्यानं तुला काय सांगितलं?”